माडीवरची न्हाणी

फोंड्याकडच्या आमच्या जुन्या घराला किंदळाच्या तुळयांवर फणसाच्या फळ्या ठोकलेली माडी आहे. वडिलांच्या गुडघ्यांनी जिना उतरण्याशी असहकार पुकारला, तेव्हा माडीवरच न्हाणी करावी असा ठराव घरात एकमताने संमत झाला. फळ्यांचे मत कुणी विचारले नव्हते. त्यातच सौभाग्यवतींनी दोन फूट बाय चार फुटांच्या, एकेक सुमारे १४ किलो भरणाऱ्या लाद्या पसंत केल्या.

लहान लाद्या उंचसखल जमिनीशी जमवून घेतात. मोठी लादी मात्र मानाच्या पाटावर बसलेल्या जावयासारखी असते, खाली जरा टोचले की रुसते, आणि रुसली की तडकते. जिची कड १५ इंचांहून लांब, तिला ३ मीटरच्या अंतरात ३ मिलिमीटरहून जास्त चढउतार खपत नाही. आमच्या माडीवर खिडकीशी लिंबू ठेवले, तर ते कुणी न ढकलता जिन्यापर्यंत जाऊन यजमानांची वाट पाहत थांबते.

लाकडाचा दुसरा दुर्गुण म्हणजे ते स्वस्थ बसत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की फळी हवेतला ओलावा पिऊन रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात पुन्हा आकसते. भट्टीत भाजून निघालेल्या लादीला या वार्षिक हौसेत काडीचाही रस नसतो. यावर काकांचा उपाय तयार होता: वरून दोन इंच कोबा घालावा. अशा कोब्याचे वजन दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास होते, असे कामावरच्या मेस्तांनी, म्हणजे मिस्त्रींनी, सांगताच, बरोबर त्याच्याखाली चूल असलेल्या आईने तो विषय कायमचा मिटवला.

मग मेस्तांनी माडीच्या मधोमध उडी मारली. खाली मांडणीवरची भांडी वाजली, आणि तपासणी पूर्ण झाली. लादीखालच्या तुळईचा झोल तिच्या लांबीच्या ३६०व्या भागाहून जास्त नसावा, म्हणजे ३.६ मीटरच्या तुळईला १० मिलिमीटर. "मग संगमरवर घालूया," काका म्हणाले. नैसर्गिक दगडाला त्याच्या निम्माच झोल चालतो, हे कळल्यावर ते पेपर वाचू लागले.

फळ्या उखडल्या. वाळवीने चाखलेल्या तुळईला नवी जोडतुळई दिली, तुळयांच्या मध्ये आडवे ठोकळे बसवले आणि त्यांवर मरीन प्लायवुड आले, तेही खिळ्यांनी नव्हे, स्क्रूंनी. कारण खिळा कालांतराने सैल होतो आणि मध्यरात्री कुरकुरतो. दोन तुकड्यांमध्ये ३ मिलिमीटरची फट ठेवली. "एवढे पैसे मोजून फटी कशाला?" हा प्रश्न शेजाऱ्यांसह सर्वांनी विचारला. प्लायवुडवर सिमेंटचे बोर्ड आले, आणि पाणसळ लावून मेस्तांनी जमीन आरशासारखी केली.

त्यानंतर तीच जमीन तिरपी करण्याचे काम निघाले. पाणी वाहायला उतार हवाच, पण मोठी लादी चारी बाजूंनी मधल्या जाळीकडे वाकू शकत नाही. म्हणून भिंतीलगत लांबट जाळी ठेवून सगळी जमीन एकाच दिशेला, मीटरला १५ ते २० मिलिमीटर, उतरवावी लागली. म्हणजे जमीन तिरपी हवी, पण तिरपेपणातही सपाट हवी. लिंबाचा प्रवास आता अधिकृत झाला.

शेवटी जलरोधक लेप दिला, कोपऱ्यांत पट्टी चिकटवली, उंबऱ्याशी बांध घातला आणि २४ तास पाणी तुंबवून ठेवले. त्या काळात आईने पिठाचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि देवांची तसबीर अंगणात हलवली आणि छताकडे पाहत सोलकढी ढवळली. दुसऱ्या दिवशी छताला एक थेंबही नव्हता. आई वर आली, करड्या लेपावरच्या पाण्यात पाय बुडवून पाहिला आणि म्हणाली, "गळत नाही, मग न्हाणी झालीच की. आता त्या लाद्या कशाला?"