अंडरग्राउंडला मोठं स्टेज नको, छोट्या खोल्या वाढवा

परत तोच वाद सुरू झालाय, की टेक्नो, हाऊस, ॲसिड असं छोट्या क्लबांतलं अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक वाजवणाऱ्यांनी आता बाहेर यायला पाहिजे, मोठे फेस्टिव्हल घ्यायला पाहिजेत, रील्सवर चालेल असं काहीतरी करायला पाहिजे, नाहीतर हे म्युझिक दोनशे लोकांत सुरू होऊन दोनशे लोकांतच संपणार. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते नीट लिहितो, लांबेल जरा.

आपल्या मुंबईचे चरणजित सिंग घ्या. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार, कीबोर्ड वाजवणारा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं जोडली, ८०८ ड्रम मशीन, ३०३ बेस मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर, आणि भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्या ३०३ मध्ये स्लाइड नावाची सोय आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, म्हणजे जवळपास मींडच, आणि ती त्यांनी अशी वापरलीय की हेडफोन लावून भैरव ऐकलात तर अंगावर काटा येतो. रेकॉर्ड काढली कोणी? एचएमव्हीने. त्या काळात यापेक्षा मेनस्ट्रीम कंपनी आपल्याकडे नव्हती. तरी रेकॉर्ड चालली नाही, लोक विसरून गेले, आणि २०१० मध्ये नेदरलँड्सच्या बॉम्बे कनेक्शन या लेबलने ती परत काढली तेव्हा कुठे जगाने कान टवकारले, की अरे हे तर ॲसिड हाऊससारखंच वाजतंय, म्हणजे शिकागोत १९८७ मध्ये आलेल्या त्या डान्स म्युझिकसारखं, आणि तेही पाच वर्षं आधी! तोवर ते सत्तरीला आले होते. २०१५ मध्ये गेले.

आता तेच ३०३ शिकागोत काय झालं बघा. मुळात ते मशीन गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं, पण त्याचा आवाज काही खऱ्या बेस गिटारसारखा यायचा नाही, त्यामुळे ते पडलं, कंपनीने बंद केलं आणि जुन्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळायला लागलं. फ्युचर नावाच्या ग्रुपमधल्या पोरांनी ते घेतलं, पॅटर्न चालू असतानाच त्याची बटणं पिळत बसले, जो किंचाळणारा आवाज आला त्याची टेप म्युझिक बॉक्स क्लबमध्ये तिथला डीजे रॉन हार्डी याला नेऊन दिली. फ्युचरमधलाच डीजे पिअर ही गोष्ट सांगतो, की हार्डीने पहिल्यांदा लावलं तेव्हा लोक फ्लोअर सोडून गेले. त्याने थोड्या वेळाने परत लावलं. मग परत. त्या रात्री चौथ्यांदा लावलं तेव्हा लोक वेड्यासारखे नाचत होते. १९८७ मध्ये ती टेप 'ॲसिड ट्रॅक्स' म्हणून बाहेर आली आणि पुढे त्यातून अख्खं ॲसिड हाऊस उभं राहिलं.

मशीन तेच. मुंबईत देशातली सगळ्यात मोठी कंपनी पाठीशी होती, पण लोक नाचून नाचून ज्याची सवय करून घेतील अशी खोली नव्हती. शिकागोत कंपनी नंतर आली, खोली आधी होती. आणि तसा डीजे, जो रिकामा झालेला फ्लोअर बघूनही तेच गाणं परत लावतो कारण त्याला माहितीये की हीच माणसं थांबणारेत आणि पुढच्या आठवड्यातही येणारेत. एक तासाचा फेस्टिव्हल स्लॉट मिळालेला कुठला डीजे ही रिस्क घेईल? दर चार मिनिटाला ड्रॉप, म्हणजे ठेका एकदम जोरात परत येतो तो क्षण, द्यावाच लागतो, नाहीतर पब्लिक दुसऱ्या स्टेजला. त्याला दोष नाही देत मी, पण तिथे नवीन काही जन्मत नाही, आधीच जन्मलेलं वाजतं.

यावर लोक म्हणतात, मग सवाईचं काय? हजारो माणसं शास्त्रीय ऐकतात, कुठे बिघडलं गाणं? मुद्दा चांगलाय आणि मी स्वतः सवाईला जातो. पण सवाईच्या मंडपात गवई तयार होत नाही, तो गुरूच्या घरी आणि पंधरा-वीस जणांच्या बैठकीत तयार होतो, मग मंडपात येतो. शिवाय रात्री दहाचा नियम आल्यापासून रात्रभर चालणारी मैफल गेली, आणि तिच्याबरोबर उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकणंही गेलं. वेळ कापली की गाणंही कापलं जातं, टेक्नोचंही तसंच आहे, सहा तासांच्या सेटमध्ये जे हळूहळू चढतं ते साठ मिनिटांत बसवता येत नाही.

पण एक गोष्ट मला फार लागते. शिकागोच्या वेअरहाऊस क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्ससमोर नाचणारी माणसं मुख्यतः कृष्णवर्णीय आणि गे होती, बाहेर त्यांना जागाच नव्हती म्हणून ती खोली होती. आपल्याकडे अंडरग्राउंडच्या नावाखाली काय चालतं? हजार-दोन हजार कव्हर चार्ज, महागडी दारू, इंग्रजीत बोलणारं पब्लिक, आणि दारातला बाउन्सर चपला बघून आत सोडणार. भोसरीतला एखादा पोरगा घरी लॅपटॉपवर क्रॅक सॉफ्टवेअरमध्ये भन्नाट ट्रॅक बनवत असेल, तो या दारातून आत कसा येणार? हे दार उघडायलाच पाहिजे. सेट छोटा करू नका, ड्रॉप वाढवू नका, तिकीट कमी करा आणि दारात मराठी बोला.

माझ्या डोक्यात साधं आहे, रविवारी दुपारी चार ते रात्री दहा, एकच डीजे, बरी साउंड सिस्टीम, शंभर रुपये एन्ट्री, चहा आणि वडापाव, दारू नाही. दर महिन्याला, त्याच जागी. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडला कोणाकडे दीडशे माणसं मावतील असा हॉल किंवा बंद पडलेलं शेड असेल, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असं, तर मेसेज करा. ॲम्प आणि दोन सब (बेसचे मोठे स्पीकर) माझ्याकडे आहेत.