"युरोपची खिरापत" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तोच मेसेज मला चार ग्रुपवर आला, शेवटचा आमच्या कोल्हापूरच्या शाळेच्या ग्रुपवर, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकावं. (कोल्हापूरकरांना पोलंडचं कौतुक असतंच, दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याच्या कॅम्पात पाच हजार पोलिश लोक राहून गेलेत, त्यामुळे पोलंड शब्द दिसला की पुढे ढकललं जातंच.) ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: युरोपियन युनियन जर्मन लोकांच्या टॅक्सचा पैसा पोलंड, हंगेरी वगैरेंना फुकट वाटतं, ते लोक तो वाट्टेल तसा उडवतात, हिशोब कोणी मागत नाही, आता तर कर्ज देऊन ते देशच गहाण ठेवून घेतायत, आणि एवढं करून मागास भाग मागासच राहिले. मग शेवटची ओळ, ज्यासाठी बाकीचा सगळा खटाटोप: "म्हणून आपल्याकडेही विदर्भ-मराठवाड्याचे अनुशेषाचे लाड बंद करा." खाली हात जोडलेले, तिरंगा, जास्तीत जास्त शेअर करा.

मी व्रोत्सवाफला राहते (स्पेलिंग बघून सगळे व्रोक्लाव म्हणतात, मीही पहिले दोन महिने तेच म्हणायचे). मशीनचे पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. कंपनीने हा पैसा दोनदा घेतलाय, एकदा अनुदान म्हणून, एकदा कर्ज म्हणून, आणि दोन्ही वेळचे कागद माझ्या टेबलावरून गेलेत. तेव्हा ऐकीव बोलत नाहीये.

पहिलं, "फुकट वाटतात".

या सगळ्याला कोहेजन पॉलिसी म्हणतात, म्हणजे मागे पडलेल्या भागांना बाकीच्यांच्या बरोबरीला आणायचं धोरण, त्यातला मुख्य फंड १९७५ पासून चालू आहे. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी रक्कम साधारण ३९२ अब्ज युरो, म्हणजे युनियनच्या बजेटचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ही वाटायची कशी तर देश बघून नाही, विभाग बघून. विभागाचं दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर तो कमी विकसित, ७५ ते १०० असेल तर मधला, आणि १०० च्या वरचा श्रीमंत. कमी विकसित भागात खर्चाचे जास्तीत जास्त ८५ टक्के युरोप देतं, श्रीमंत भागात ४० पर्यंत खाली येतं. बाकीचे तुमचे तुम्ही घाला. आणि मुख्य म्हणजे थोडासा ॲडव्हान्स सोडला तर पैसे आधी मिळत नाहीत, आधी खर्च करा, बिलं लावा, मग परतावा. एखाद्या वर्षाचा मंजूर पैसा पुढच्या तीन वर्षांत खर्च करून दाखवला नाही तर तो गेला.

कंपनीला तर ८५ वगैरे विसराच. आम्ही अनुदानातून एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन घेतलं, त्यात युरोपचा वाटा निम्म्याहून कमी होता. मशीन आलं, पैसे दिले, आणि परतावा यायला आठ महिने लागले, मधल्या काळात बँकेचं व्याज आम्हीच भरतोय. प्रत्येक बिलाच्या पाठीमागे प्रोजेक्टचा नंबर, कुठल्या खर्चाच्या हेडमधून, किती रक्कम धरायची, हे सगळं लिहायचं आणि सही. माझ्याकडून एका बिलावर नंबरातला एक आकडा उलटा पडला तर ते बिल परत आलं, आणि त्या एका बिलापायी पूर्ण हप्ता थांबला. मग तपासणीला एक बाई आल्या, मशीनजवळ जाऊन वाकून प्लेटवरचा सिरियल नंबर वाचला, बिलावरच्याशी जुळवला, आणि निळ्या ताऱ्यांचं स्टिकर लावलंय की नाही त्याचा फोटो काढला. स्टिकर तेलाने सुटायला आलं होतं, तर नवीन लावा म्हणून रिपोर्टात लिहून गेल्या. छोट्या कंपनीने तीन वर्षं आणि मोठ्यांनी पाच वर्षं ती गुंतवणूक त्याच भागात ठेवायची, विकून दुसरीकडे पळालात तर पैसे परत. याला खिरापत म्हणणारा माणूस एकदा माझ्या खुर्चीत बसवायला हवा.

दुसरं, "जर्मनीचा पैसा, बाकीचे खातात".

जर्मनी सगळ्यात जास्त भरतं हे खरंय, आणि जेवढं भरतं त्याहून कमी परत घेतं हेही खरंय. पण युनियनचं सगळं बजेट मिळून सभासद देशांच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास आहे, फॉरवर्ड वाचून वाटतं जर्मन माणूस अर्धा पगार पोलंडला मनीऑर्डर करतोय. शिवाय जर्मनी स्वतःही याच पॉलिसीतून सात वर्षांत साधारण २० अब्ज युरो घेतं, पूर्वेकडच्या जुन्या कोळशाच्या पट्ट्यासाठी वगैरे. आणि पोलंडला दिलेला पैसा पोलंडमध्येच राहतो असंही नाही. वॉर्साच्या मेट्रोची दुसरी लाइन २०१५ ला सुरू झाली, युरोपच्या पैशातून, त्यावर गाड्या घेतल्या सीमेन्सच्या. मधला बोगदा इटलीची, तुर्कस्तानची आणि पोलंडची अशा तीन कंपन्यांनी मिळून खणला. त्यातली तुर्की कंपनी म्हणजे गुलेरमाक, तीच जिने पुढे पुणे मेट्रोचं भुयारी काम टाटा प्रोजेक्ट्सबरोबर केलं. पैसा असा फिरतो.

तिसरं, "कर्ज देऊन देश गहाण". यावर जरा सविस्तर लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

आधी एक बघा, वर फुकट वाटतात म्हणायचं आणि दोन ओळींनी कर्जात अडकवतात म्हणायचं, दोन्ही एकदम कसं? असो. भानगड अशी आहे की कोहेजनच्या पैशातला काही भाग अनुदान म्हणून न देता कर्ज, हमी किंवा भागभांडवल म्हणून देतात. २००७ ते २०१३ च्या काळात हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, तेव्हाच्या योजनांची नावं गमतीशीर आहेत, छोट्या उद्योगांसाठी जेरेमी आणि शहरांसाठी जेसिका, ऐकून वाटतं कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. पण कर्ज देशाला नसतं. विभाग आपल्या वाट्याचा पैसा एका फंडात टाकतो, फंड सांभाळायला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक किंवा इथली सरकारी बँक बीजीके, त्यांच्याकडून स्थानिक बँका किंवा कर्ज देणाऱ्या संस्था, आणि शेवटी आमच्यासारखी कंपनी. आम्ही हप्ते भरले की पैसा फंडात परत, मग दुसऱ्या कोणाला. गावाकडे बचत गटाच्या बायका ज्याला फिरता निधी म्हणतात तेच हे, फक्त शून्य जास्त.

हमीचं तर अजून सोपं. समजा बँकेने छोट्या उद्योगांना १०० युरोची कर्जं दिली आणि फंड म्हणाला बुडालेल्या प्रत्येक कर्जाचे ८० टक्के मी भरीन, पण सगळे मिळून २० युरोच्या वर नाही. म्हणजे २० बाजूला ठेवून १०० ची कर्जं सुटली, आणि बुडाली नाहीत तर २० शाबूत. आमच्या दुसऱ्या वेळी हेच झालं, बँक म्हणाली तारण काय देता, तारण होतं ते आधीच पहिल्या कर्जात अडकलेलं, मग अशा फंडातून कर्ज मिळालं. गहाण कोणी पडलं नाही. मालकाची झोप उडाली होती ती वेगळी गोष्ट, ती सव्वा महिन्याने एकदा उडतेच.

माझं आवडतं उदाहरण लिथुआनियाचं आहे. सोव्हिएत काळातल्या काँक्रीटच्या पाच मजली, नऊ मजली इमारती, भिंतीतून थंडी आत, हीटिंगचं बिल पगार खाऊन टाकणारं. २००९ मध्ये तिथे जेसिकाचा २२.७ कोटी युरोचा फंड काढला, त्यातले १२.७ कोटी युरोपचे आणि १० कोटी लिथुआनियाचे. इमारतीला बाहेरून इन्सुलेशन करा, खिडक्या बदला, वीस वर्षांचं कर्ज, व्याज ठरलेलं ३ टक्के, बिलात जे वाचेल त्यातून हप्ता भरा. कागदावर एकदम झकास. आणि सुरुवातीची काही वर्षं जवळजवळ कोणी आलंच नाही! का, तर फ्लॅट नव्वदच्या दशकात ज्याचे त्याच्या नावावर झालेले, आणि कर्ज घ्यायचं तर बहुमत पाहिजे. ज्यांनी आपल्याकडे रिडेव्हलपमेंटची मीटिंग बघितलीय त्यांना पुढचं सांगायला नको, तळमजल्यावरचे म्हणणार आम्हाला लिफ्टचं काय, वरचे म्हणणार आमचं वय झालं आता वीस वर्षांचं कर्ज कशाला, एक जण नुसताच विरोधात. मग २०१३ ला त्यांनी पद्धत बदलली, जास्त उष्णता वाया घालवणाऱ्या इमारती नगरपालिकेने निवडायच्या, कर्ज रहिवाशांच्या नावावर न घेता पालिकेने नेमलेल्या प्रशासकाने घ्यायचं, सोबत थोडं अनुदान, आणि ज्या घरांना हीटिंगसाठी सरकारी मदत मिळते त्यांचा हप्ता सरकार भरणार. तेव्हा कुठे गाडी सुटली. म्हणजे अडचण कर्जाच्या फासाची नव्हती, उलट कर्ज घ्यायलाच कोणी तयार नव्हतं.

आणि टीका करायची तर इथे करा ना, जागा आहे. युरोपचं स्वतःचं ऑडिट खातं, युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्स, यांनीच सांगितलंय की २००७-१३ चे बरेच फंड गरजेपेक्षा मोठे काढले गेले, २०१४ संपेपर्यंत सरासरी ५७ टक्केच पैसा खऱ्या कर्जदारांपर्यंत गेला होता, आणि सांभाळणाऱ्यांची फी मात्र नीट चालू. काहींनी तर वर्षाचा पैसा परत जाऊ नये म्हणून तो फंडात नेऊन ठेवला, म्हणजे कागदावर खर्च झाला. म्हणून नंतर नियम आले की फंड काढायच्या आधी बाजारात खरंच गरज आहे का ते तपासा, आणि फी कामावर. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही, नाहीतर त्याला गहाणबिहाण शोधायची गरजच पडली नसती.

चौथं, "सगळा भ्रष्टाचार, कोणी पकडत नाही".

अर्धं खरं, म्हणून जास्त चिडचिड होते. ग्रीसमधल्या कास्तोरियाच्या विमानतळावर धावपट्टी वाढवली, जी विमानं उतरावीत म्हणून वाढवली त्यातलं एकही तिथे उतरलं नाही, आणि २००५ ते २०१२ मध्ये विमानतळाची कमाई १ लाख ७६ हजार युरो तर चालू ठेवायचा खर्च ७७ लाख. हंगेरीत फेलचूत नावाचं गाव आहे, वर्षानुवर्षं पंतप्रधान राहिलेले व्हिक्टर ओर्बान लहानपणी तिथेच वाढले, तिथे जेमतेम सहा किलोमीटरची टॉय ट्रेनसारखी रेल्वे, साधारण २० लाख युरो युरोपचे. लाज वाटण्यासारखंच आहे.

पण हे कळलं कोणाकडून? कास्तोरियाचे आकडे त्याच ऑडिटर्सच्या रिपोर्टात आहेत. २०२३ च्या खर्चात कोहेजनमध्ये चुकीचं प्रमाण ९.३ टक्के हेही त्यांनीच जाहीर केलं, आणि चूक म्हणजे चोरीच असं नाही, टेंडरची पायरी चुकली, न बसणारं बिल लावलं, हे सगळं त्यात येतं (माझा उलटा पडलेला आकडा पकडला गेला नसता तर तोही कदाचित तिथेच). २०२१ पासून लक्झेंबर्गला युरोपचं स्वतःचं सरकारी वकिलांचं ऑफिस आहे, रुमानियाच्या लॉरा कोव्हेशी त्याच्या पहिल्या प्रमुख. हंगेरी त्यात सामील झालं नाही, ते का हे तुम्हीच ओळखा. पण डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याच्या राज्याच्या अटीखाली (देशात कायदा नीट चालत नसेल तर पैसे अडवायचे) हंगेरीचे साधारण ६.३ अब्ज युरो अडवले, आणि मुदतीत सुधारणा झाल्या नाहीत म्हणून २०२४ संपताना त्यातले १ अब्जाहून जास्त कायमचे गेले. उशीर झाला असं मी पण म्हणेन, वर्षानुवर्षं नुसती पत्रं चालू होती. पण कोणी पकडत नाही, हे खोटं.

पाचवं, "मागास ते मागासच".

पोलंड २००४ ला युनियनमध्ये आलं तेव्हा दरडोई उत्पन्न, देशादेशांतल्या किमतींचा फरक धरून, सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होतं, आता ८० टक्क्यांच्या जवळ आहे. लगेच "बघा युरोपच्या पैशाने" असं मी म्हणणार नाही. चालू सात वर्षांत पोलंडला साधारण ७६ अब्ज युरो आहेत, वर्षाला ११ धरा, जीडीपीच्या दीड टक्क्याच्या आसपास. तेवढ्याने देश उभा राहत नाही, खुली बाजारपेठ, जर्मनीशेजारची जागा, कारखाने, हे मोठं. पण रस्ते आणि सांडपाण्याचे प्लांट झाले नसते तर ते कारखाने आले असते का हाही प्रश्न आहेच. आयर्लंड एकेकाळी घेणाऱ्यांत होतं, आज देणाऱ्यांत आहे. आणि उलट उदाहरण इटलीचा दक्षिण भाग, कालाब्रिया, सिसिली, दशकानुदशकं पैसा जातोय आणि अजून ७५ च्या खालीच. तिथे पैसा कमी पडला असं कोणी म्हणत नाही, स्थानिक प्रशासनाला तो नीट वापरता आला नाही असंच म्हणतात. याच्यावरून अनुशेष बंद करा हे कसं निघतं मला कळत नाही. आपल्याकडे दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचा हिशोब मांडला, वैधानिक विकास मंडळं आली १९९४ ला, आणि भांडण आजही तेच की आकडा कागदावर मंजूर होतो आणि खर्च कुठे होतो. इथे निदान प्रत्येक प्रोजेक्ट, कोणाला किती, हे नकाशावर टाकलेलं असतं, मी आमच्या कंपनीचं नाव शोधलं तर रकमेसकट सापडलं. विदर्भ-मराठवाड्यासाठी मागायचंच तर असा नकाशा मागा.

बाय द वे खरा वाद इथे सध्या वेगळाच पेटलाय आणि फॉरवर्डमध्ये त्याचा पत्ता नाही. जुलै २०२५ ला युरोपियन कमिशनने २०२८ ते २०३४ साठी प्रस्ताव ठेवला, कोहेजन आणि शेतीचा पैसा एकत्र करून प्रत्येक देशाचा एकच प्लॅन, ८६५ अब्जांची ती पेटी, किल्ली राजधानीकडे. विभाग म्हणतायत आमचा हिस्सा वॉर्सा आणि रोममध्ये बसून ठरणार मग आम्ही कशाला आहोत, शेतकरी वेगळे चिडलेत. मेसेज करायचाच असेल कोणाला तर यावर करा, मी स्वतः चार ग्रुपवर टाकते.