दोष डिस्कचा की पोर्टचा?

बाह्य हार्ड डिस्कवरून गेम खेळल्यास तो अडखळतोच, हे लेखातील विधान मला अर्धेच पटले. फ्रेमचा वेग, म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रे उमटतात ते, मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. डिस्कचा संथपणा जाणवतो तो लोडिंगच्या वेळी, किंवा विस्तीर्ण नकाशाच्या गेममध्ये गाडी भरधाव असताना पुढचा रस्ता डिस्कवरून वाचावा लागतो तेव्हा. पुण्यातील बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेली १ टीबीची डिस्क मी महिनाभर लॅपटॉपच्या काळ्या पोर्टला लावून तिलाच दोष देत होतो. ते पोर्ट यूएसबी २.० चे निघाले. त्याची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ३५-४० मेगाबाइट. साधी फिरती डिस्कसुद्धा सलग वाचनात त्याच्या दुपटीहून अधिक देते. शेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टला जोडल्यावर चहा करून येण्याइतके लांबणारे लोडिंग बरेच आटोपशीर झाले. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, असल्यास फरक आणखी पडतो, हे मान्य. मात्र डिस्कला विंडोजमध्ये कायमचे एकच ड्राइव्ह-अक्षर (D:, E: असे) द्यावे, अन्यथा ते बदलल्यास स्टीमला (गेम विकत घेण्याच्या व चालवण्याच्या ॲपला) गेम सापडत नाहीत, हा मुद्दा लेखात यायला हवा होता.