विमान मुंबईला वळवलं म्हणून वेधशाळेला शिव्या : कट्ट्यावरचं शनिवारचं भांडण

शिमला ऑफिस चौकाजवळचा आमचा कट्टा, समोर हवामान खात्याची ती जुनी दगडी इमारत, आणि तिच्याकडे हात करून मंग्या जे सुटला ते थांबेचना. कारण हे की दिल्लीहून येताना त्याचं विमान पुण्यावर घिरट्या घालून शेवटी मुंबईला नेलं, तिथे आतच बसवून ठेवलं, एसी धड नाही, पाणी नाही आणि घरी पोचायला मध्यरात्र. "आणि ह्यांचा अंदाज काय, तर वादळी पावसाची शक्यता! शक्यता तर काय मी पण सांगतो रे, त्याला खातं कशाला पाहिजे?"

समीर एका एअरलाईनमध्ये डिस्पॅचला आहे, म्हणजे विमान निघायच्या आधी रूट, इंधन, हवामान हे सगळं बघून कागद तयार करणारा माणूस. तो म्हणाला, "त्या शक्यतेमुळेच तुझ्या विमानात मुंबईला जाण्याएवढं तेल होतं."

मंग्या गप्प होईल असं वाटलं होतं, पण छे.

मग समीरने नीट समजावलं. विमानतळाचा अंदाज असतो त्याला टॅफ म्हणतात, त्यात 'प्रॉब थर्टी टेम्पो' असं येतं. म्हणजे ३० टक्के शक्यता आहे की ह्या ह्या वेळात मधूनच, एका वेळी तासाभराच्या आत, गडगडाटी पाऊस येऊन जाईल. आपल्यासारख्याला वाटतं ३० टक्के म्हणजे होणारच नाही, पण डिस्पॅचवाला उलटं बघतो, तो म्हणतो झालं तर माझ्याकडे काय आहे? मग पोचण्यापुरतं इंधन, वर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्याच्याही वर अर्धा तास हवेत राहता येईल एवढं. "दहापैकी सात वेळा ते जास्तीचं तेल उगाच वाहून नेलं असं होणारच, पण उरलेल्या तीन वेळा तू मुंबईला उतरून शिव्या द्यायला जिवंत असतोस." मला हे फार पटलं. आपण अंदाज बरोबर की चूक एवढंच बघतो, आणि त्यांच्या धंद्यात अंदाज म्हणजे परतीची वाट शिल्लक ठेवायची सोय.

आता पप्या घुसला. त्याचं आपलं ठरलेलं, एआय. "गुगलचं मॉडेल दहा दिवसांचं हवामान मिनिटभरात काढतं, आता ते हवा मोजायचे फुगे सोडणं आणि दर अर्ध्या तासाला माणसाने ढग मोजत बसणं कशाला पाहिजे?"

ह्यावर मीच बोललो कारण हे मी वाचलंय. ते ग्राफकास्ट मॉडेल शिकलं कशावर? १९७९ पासूनच्या हवामानाच्या नोंदींवर उभ्या केलेल्या डेटावर. ते फुगे, ती विमानं, त्या जहाजांच्या नोंदी, सगळं त्यातच आहे. आणि आजचा अंदाज काढायला पण त्याला आजची सुरुवातीची स्थिती लागतेच, ती आकाशातून पडत नाही, कुणीतरी मोजावी लागते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विमानं बंद झाली तेव्हा विमानांकडून येणाऱ्या वाऱ्या-तापमानाच्या नोंदी निम्म्याहून जास्त घटल्या आणि जगभरच्या हवामानवाल्यांना घोर लागला होता. म्हणजे तू ज्या विमानात बसतोस तेच विमान उद्याच्या विमानाचा अंदाज सुधारत असतं.

"ते ठीक आहे," पप्या म्हणाला, "पण एक आकडा इकडे तिकडे झाला तर काय बिघडतं?"

समीर खाली उतरून समोरच उभा राहिला. म्हणाला, पॅरिस, २३ मे २०२२. स्टॉकहोमहून आलेलं एअरबस ए३२० चार्ल्स द गॉलला उतरत होतं, पाऊस, ढग खाली, आणि त्या धावपट्टीची आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा, बंद, त्यामुळे उंचीसाठी सगळी भिस्त हवेच्या दाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरवर. तेव्हा दाब होता १००१ हेक्टोपास्कल. कंट्रोलर बोलून गेला १०११. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट धर, दहाला २८० फूट. म्हणजे पायलटच्या समोरचा काटा दाखवतोय त्याहून विमान २८० फूट खाली, आणि काट्यावर सगळं एकदम व्यवस्थित. टॉवरमधला धोक्याचा अलार्म वाजला, तरी चूक कुणाच्या लक्षात आली नाही. धावपट्टी दिसेना म्हणून पायलटने विमान वर उचललं, तेव्हा धावपट्टी अजून जवळजवळ दीड किलोमीटर लांब आणि जमीन होती ६ फुटांवर. "सहा फूट रे," समीर म्हणाला आणि स्वतःच्या डोक्यावर हात आडवा धरून दाखवला, "एवढं." मोजणाऱ्याने बरोबर मोजलं होतं, सांगताना एक अंक चुकला. दुसऱ्या वेळी धावपट्टी दिसली आणि सगळे सुखरूप उतरले, पण तो तपास अहवाल वाचून त्याला झोप आली नव्हती म्हणे.

ह्याच्यानंतर जरा शांतता, चहा आला.

मग मी फुजिताचं काढलं, कारण हा माणूस आपल्याकडे कुणाला माहीतच नसतो. टेड फुजिता, वादळांचा अभ्यास करणारा हवामानशास्त्रज्ञ, मूळ जपानी, शिकागो विद्यापीठात. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कला ईस्टर्न ६६ विमान वादळी पावसात उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच पडलं, ११३ माणसं गेली. फुजिताने इतर विमानांच्या पायलटांचे रिपोर्ट, वाऱ्याच्या नोंदी सगळं एकत्र लावलं आणि म्हणाला की ढगातून हवेचा एक लोंढा सरळ खाली आदळतो आणि जमिनीवर चारी बाजूंना फाकतो. विमान शिरताना आधी समोरून वारा, त्याने उचललं जातं, लगेच खाली दाब, आणि पुढच्या काही सेकंदांत वारा मागून, म्हणजे उचल गेलीच. हिरोशिमा-नागासाकीच्या स्फोटानंतर पडझड कशी बाहेरच्या बाजूला पसरली होती हे त्याने तरुणपणी स्वतः जाऊन बघितलेलं, तसाच नकाशा त्याला वादळात आडव्या झालेल्या झाडांत दिसला. बऱ्याच हवामानवाल्यांनी मानलंच नाही. मग रडार लावून मोजलं तेव्हा ते लोंढे खरंच सापडले. तरी १९८५ मध्ये डॅलसला डेल्टा १९१ पडलं, १३७ मृत्यू, आणि त्यानंतर विमानात सूचना देणारी यंत्रं, विमानतळाला वाऱ्याचा वेग टिपणारं खास डॉपलर रडार, पायलटांना सिम्युलेटरवर सराव, हे सगळं झपाट्याने झालं. १९९४ मध्ये शार्लटला असंच एक विमान पडलं, त्यानंतर अमेरिकेत ह्या कारणाने प्रवासी विमान पडून माणसं गेलेली नाहीत.

"म्हणजे मोजल्यामुळे," मंग्या स्वतःच म्हणाला.

दिल्लीच्या धुक्याचं पण निघालं. आपल्या पाषाणच्या आयआयटीएमची, म्हणजे हवामान संशोधन संस्थेची माणसं २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर यंत्रं मांडून धुकं का आणि कधी धरतं ह्याचा अभ्यास करतायत. आणि तिथे धावपट्टीच्या कडेला दृश्यता मोजणारं 'दृष्टी' नावाचं यंत्र बंगळूरच्या एनएएल ह्या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेने आपल्याच देशात बनवलंय. पप्याला हे माहीत नव्हतं, खूश झाला.

पण खरं भांडण पुढे झालं, केदारनाथवरून. १५ जून २०२५ ला पहाटे केदारनाथहून निघालेलं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळच्या जंगलात पडलं, सातही जण गेले, त्यात आपल्या यवतमाळकडचं एक कुटुंब होतं. दरीत ढग भरलेले, आणि ही हेलिकॉप्टरं डोळ्यांनी बघून उडतात. पप्या म्हणे हिमालयात हे व्हायचंच, देवाच्या दारात कोण काय करणार. समीरचा आवाज एकदम चढला, "देवाला मध्ये आणू नकोस. पुण्याला उतरणाऱ्या विमानाला दर अर्ध्या तासाला वारा, दृश्यता, ढग किती फुटांवर, दाब, सगळं मिळतं. यात्रेच्या मोसमात त्या दरीत दिवसभर हेलिकॉप्टरांची रांग, आणि पुढच्या वळणामागे ढग आहे की नाही हे सांगायला कोण होतं?" अपघातानंतर कॅमेरे आणि हवामान यंत्रं बसवायचं ठरलं. मला विचाराल तर हे पहिलं हेलिकॉप्टर उडायच्या आधी हवं होतं, आणि नुसती यंत्रं पण पुरणार नाहीत. कॅमेऱ्यात दरी बंद दिसली की उड्डाण थांबवायचा अधिकार असलेला माणूस तिथे पाहिजे, आणि त्याच्यावर तिकिटांचा दबाव नको.

पप्याला हे मान्य नाही, तो अजून म्हणतोय की एवढे कडक नियम लावले तर म्हाताऱ्या माणसांनी जायचंच कसं. मंग्याचे सासू-सासरे सप्टेंबरात जाणार आहेत, त्यामुळे तो मात्र आता सिरियस झालेला. समीरने त्याला सांगितलं की परतीच्या रेल्वेच्या आधी दोन दिवस मोकळे ठेव, आणि सकाळी त्यांनी फेरी रद्द केली तर काउंटरवर भांडू नका असं त्यांना आधीच बजावून ठेव.