साठ आणि सत्तरच्या मध्ये कुठेतरी

'ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे.' ही ओळ मी जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवली, खाली पट्टीने रेघ मारली आणि विसरून गेले.

पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक आम्ल फ्लास्कमध्ये घेतलं, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल ओतलं आणि ब्युरेटची, म्हणजे मिलीच्या खुणा असलेल्या उभ्या नळीची, तोटी सोडली. वरून जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार थेंब पडले. द्रावण गुलाबी. हलवलं, तरी गुलाबी. या टायट्रेशनला, म्हणजे एक द्रावण संपवायला दुसरं किती लागतं ते थेंबाथेंबाने मोजण्याला, प्रक्रिया संपल्याचं रंगाने सांगणारा वेगळा इंडिकेटर लागत नाही, परमँगनेटच स्वतःचा इंडिकेटर, आणि अर्धा मिनिट टिकणारा फिका गुलाबी म्हणजे एंडपॉइंट, हे मला तोंडपाठ होतं. मी मनातल्या मनात तीसपर्यंत मोजलं. रंग ढिम्म. रीडिंग घेतलं: ०.३ मिली.

"सर, झालं!"

सरांनी ब्युरेटकडे पाहिलं, फ्लास्कला हात लावला, मग माझ्याकडे पाहिलं.

"थंड आहे," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. फ्लास्क की मी, याचा खुलासा केला नाही.

भानगड अशी की परमँगनेट आणि ऑक्झॅलेट, दोन्ही आयन ऋणभारित. खोलीच्या तापमानाला ते एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. उष्णतेचा धक्का द्यावाच लागतो. त्यातून पहिला थेंब सगळ्यात आडमुठा. वर्गात पहिला प्रश्न विचारायला कुणी हात वर करत नाही, पण एकाने केला की सगळे सुटतात, तसं. पहिल्या थेंबांतून थोडे मँगनस आयन तयार झाले की तेच पुढच्या प्रक्रियेचे उत्प्रेरक, म्हणजे तिला वेग देणारे, बनतात. मग थेंब पडला की रंग गेला, पडला की गेला. पण तोवर कळ काढायची, आणि नेमकी तीच माझ्याकडे नव्हती.

दुसऱ्या खेपेला ठरवलं, तापवायचं तर नीट तापवू. चार जणांत एक थर्मामीटर, तो नेहमी चौथ्याकडे. ७० चालतात तर १०० धावतील, या हिशेबाने मी फ्लास्क तिवईवर ठेवला आणि द्रावण खदखदू दिलं. या वेळी परमँगनेट झपाझप रंग टाकत होतं. मला फार कौतुक वाटलं. रीडिंग ९.७. शेजारणीचं १०.०. माझ्या ऑक्झॅलिक आम्लाचा काही भाग परमँगनेटची वाट न पाहताच मोडून कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन बसला होता, आणि काही थेंब बहुधा उकळताना सरळ बाहेर उडाले होते.

मग लॅब असिस्टंटने गुपित सांगितलं. फ्लास्क तळहाताच्या मागच्या बाजूला क्षणभर टेकवायचा: चटका बसतो पण हात मागे घ्यावासा वाटत नाही, ते साठ. घ्यावासा वाटतो, ते सत्तर. तेव्हापासून माझा डावा हात हेच प्रयोगशाळेतलं सगळ्यात संवेदनशील उपकरण झालं.

तिसऱ्या खेपेला तापमान जमलं. कागदाच्या घडीने फ्लास्कची मान धरली, दुसरा हात तोटीवर. पण आता उशीर झालाय म्हणून सुरुवातीलाच भसकन दोन मिली सोडले. द्रावण गुलाबी न होता गढूळ तपकिरी झालं. मँगनीज डायऑक्साइड. आमच्या बॅचमध्ये त्याला 'चिखल' म्हणत. तो फ्लास्क मी टेबलाच्या टोकाला सरकवला आणि नजरेआड केला.

चौथ्या खेपेला इतकी शहाणी झाले की एकेक थेंब सोडत, मध्ये फ्लास्क फिरवत, ९.८ पर्यंत पोचले. गुलाबी टिकला! तीस मोजले! पण हात म्हणाला, फ्लास्क कोमट आहे. पुन्हा बर्नरवर धरला, तर माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी रंग निघून गेला. टायट्रेशन संपलं नव्हतं, फक्त गार झालं होतं. पुढचे दोन दशांश मिली मी जवळजवळ श्वास रोखून सोडले. १०.०.

समोरच्या टेबलावर मोहर सॉल्टवाले, म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाऐवजी लोहाचा क्षार घेतलेले, निवांत होते. त्यांना तापवायची भानगडच नाही. त्यातले फेरस (लोहाचे) आयन परमँगनेटशी थंड असतानाच झटपट उरकून घेतात. उलट तापवलं, तर हवेतला ऑक्सिजनच त्यांना आधी गाठतो आणि रीडिंग घसरतं. हे मला कळायला नको होतं. त्यानंतर त्यांच्याशी मी धड बोलले नाही.

सी.बी.आर.च्या (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे जुळून आलेलं रीडिंग) रकान्यात १०.० लिहायला दोन सारखी रीडिंग हवीत. माझ्याकडे एकच होतं, आणि वेळ संपत आली होती. पाचव्यांदा तापवलं, टेकवलं, ओढलं, फिरवलं. १०.०. आनंदाने ओरडायचं होतं, पण ब्युरेट अजून हातात होतं.

धुवायला गेले तर तो 'चिखल' फ्लास्क काचेला तपकिरी थर धरून बसलेला. घासला, पाणी ओतलं, काही फरक नाही. असिस्टंटने खुणेनेच सांगितलं: उरलेलं ऑक्झॅलिक आम्ल आणि थोडं सल्फ्युरिक ओत, जरा तापव. ओतलं. बारीक बुडबुडे आले, आणि बघता बघता काच लख्ख झाली. तापमान किती होतं, ते मी बघितलंच नाही.