ठ्ठ कुठे वाजतो?

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर भांडण चालूये. गणपतीत कुणीतरी सॅक्सोफोनवर अभंग वाजवला, त्याला शब्दच येत नव्हते म्हणे, झालं, लगेच दोन पार्ट्या. एक म्हणते सुरांना कसले आलेत शब्द, दुसरी म्हणते शब्द कळले नाहीत तर भाव येणार कुठून. मी न्यू जर्सीत बसून वाचतोय, आता गप्प बसवत नाही.

माझी मुलगी शाळेच्या जॅझ बँडमधे टेनर सॅक्स वाजवते. तिच्या सरांनी बॅलड, म्हणजे संथ चालीचं गाणं, देताना आधी त्याचे शब्द पाठ करून घेतले, मला वाटलं काय ही नाटकं. पण इथे ते जुनंच आहे, जॅझचे जुने सॅक्सवाले, लेस्टर यंग हेच सांगायचा आणि डेक्स्टर गॉर्डन तर बॅलडच्या आधी स्टेजवर त्यातल्या ओळी बोलून दाखवायचा. आणि आपले विलायत खाँसाहेब सतार थांबवून चीज, म्हणजे बंदिश, शब्दांसकट गायचे, मग तीच वाजवायचे, ते विसरलात होय?

तरी ते "भाव" प्रकरण मला फारसं झेपत नाही. मुलीला मी अभंग शिकवायला घेतला, सूर सगळे बरोबर, पण "विठ्ठल" आला की खटकायचं, ती तो सरळ एका फुंकेत ओढून न्यायची. म्हटलं सॅक्स ठेव, नुसतं म्हणून बघ, ठ्ठ ला जीभ अडते ना, तेवढाच सूर अडव. तिने रीडला, म्हणजे सॅक्सच्या तोंडाशी असते त्या पातळ पट्टीला, जीभ लावून हवा क्षणभर तोडली आणि बायको किचनमधून बाहेर आली! पेटीवर हेच काम बोट किंचित उचलून करतात.

अर्थात सतारीच्या आलाप-जोड-झाल्यात, म्हणजे रागाच्या नुसत्या विस्तारात, कुठले शब्द, आणि मसीतखानी गतीला, म्हणजे सतारीच्या संथ बांधीव रचनेला, तर तार छेडण्याचेच बोल, दिर दा दिर दा रा दा दा रा, तिथे कविता कशाला शोधायची. गाण्यावरून उचललेलं वाजवताय तर मात्र शब्द हवेतच. तुमचं बरंय, दादरच्या हॉलमधे अर्धं पब्लिक ओठातल्या ओठात म्हणत असतं, वाजवणाऱ्याने गाळलेलं ऐकणारेच भरून घेतात. इथे समोर बसलेल्या निम्म्या पोरांना मराठी येत नाही, त्यामुळे चोरी लगेच पकडली जाते, म्हणजे निदान माझ्या कानाला तरी.

ग्रुपवर मी एवढंच विचारलं, तो सॅक्सवाला ठ्ठ ला थांबला होता का? भांडण अजून चालूये, पण ते कुणालाच आठवत नाहीये.