कप क्लबांसाठी घडवला होता, तो क्लबांना मिळालाच नाही

काल रात्री १९९२ चा तो ड्रॉप गोल पुन्हा पाहिला. कितव्यांदा, ते मोजायचं केव्हाच सोडून दिलंय. ट्विकेनहॅमवर इंग्लंडच्या रग्बी क्लबांच्या कपची फायनल, बाथ विरुद्ध हार्लेक्विन्स. १२-१२ अशी बरोबरी आणि जादा वेळसुद्धा संपत आलेली. चेंडू मागे स्टुअर्ट बार्न्सच्या हातात येतो. तो चेंडू जमिनीवर सोडतो, टप्पा पडतो न पडतो तोच पाय फिरतो आणि लांबून मारलेला चेंडू दोन खांबांच्या मधून निघून जातो. १५-१२. कप बाथचा.

हा फटका खरा कळायला आठ वर्षं मागे जावं लागतं. १९८४ च्या फायनलला हाच बार्न्स ब्रिस्टलकडून, म्हणजे बाथच्याच विरुद्ध खेळत होता. बाथ १०, ब्रिस्टल ९. अगदी शेवटी ब्रिस्टलला पेनल्टी मिळाली. ती बसली असती तर कप ब्रिस्टलला गेला असता. बार्न्सची किक चुकली. बाथने पहिल्यांदा कप उचलला आणि १९९६ पर्यंत दहा फायनल खेळून दहाच्या दहा जिंकल्या. बार्न्स १९८५ मध्ये बाथमध्येच आला. १९९२ च्या त्या क्षणी त्याच्या डोक्यात १९८४ ची किक नसेल, असं मला तरी वाटत नाही.

आणि त्यानंतर सहा-सात महिन्यांत काय झालं? हाच बाथ, कपचा मानकरी, लिव्हरपूलच्या उत्तरेला ब्लंडेलसँड्सला वॉटर्लू नावाच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबाकडे खेळायला गेला. वॉटर्लू ९, बाथ ८. संपलं. परतीचा सामना नाही, गुणतक्ता नाही, पुढचा शनिवार नाही.

परवा एका मित्राशी यावरूनच वाद झाला. त्याचं म्हणणं, बाद फेरी म्हणजे नशिबाचा खेळ, खरा संघ लीगमध्येच कळतो. मला हे मुळीच पटत नाही. खरा संघ कळायला लीग ठीक आहे. पण वॉटर्लूसारख्या क्लबाने लीगमध्ये बाथला गाठायचं तर वर्षानुवर्षं पायऱ्या चढाव्या लागतात, आणि मधल्या पायऱ्यांवर पैसा संपतो. कपात चिठ्ठी निघाली की देशातला सगळ्यात तगडा संघ तुमच्या मैदानावर, तुमच्या चिखलात, तुमच्या माणसांसमोर उतरतो. ऐंशी मिनिटं तो आणि तुम्ही सारखेच. याला नशीब म्हणायचं तर म्हणा, लहान क्लब वर्षभर त्याच दिवसाची वाट बघत जगतो.

या कपच्या इतिहासातली मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट आपल्या देशातून सुरू होते. १८७३ मध्ये कलकत्त्यात इंग्रजांनी रग्बीसाठी कलकत्ता फुटबॉल क्लब काढला. तो चार-पाच वर्षांतच बंद पडला. बँकेत शिल्लक उरली होती. सभासदांनी ती चांदीच्या रुपयांत काढली, ते २७० च्या आसपास रुपये वितळवले आणि इथल्याच कारागिरांकडून कप घडवून घेतला. तीन कान, तिन्ही फणा काढलेले नाग, झाकणावर हत्ती. हा कप लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनला देताना त्यांची इच्छा स्पष्ट होती: फुटबॉलच्या एफए कपसारखी क्लबांची बाद फेरीची स्पर्धा दरवर्षी याच्यासाठी व्हावी.

युनियनने कप ठेवून घेतला, स्पर्धा नाकारली. १८७९ पासून तो इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा कलकत्ता कप झाला, आजही आहे. सुंदर सामना असतो, मी दरवर्षी पाहतो. पण आपल्याकडची टाकसाळ पाहिलेली ती चांदी क्लबांसाठी दिली होती, आणि एकाही क्लबाला तिच्यासाठी खेळता आलं नाही.

का नाकारली? युनियनवाल्यांना कपची भीती होती. क्लबांना कप दिला की चुरस येणार, चुरस आली की गर्दी, गर्दी आली की पैसा, आणि मग खेळाडू पैसे मागणार. भीती अगदीच खोटी नव्हती. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्याने १८७७ मध्ये स्वतःचा कप सुरू केला आणि त्याच्यामागे गिरण्या-खाणींची गावंच्या गावं मैदानावर लोटली. पण त्या गावांतले खेळाडू मागत होते काय? सामन्यासाठी बुडालेल्या दिवसाची मजुरी. तीही मिळेना, तेव्हा १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे २२ क्लब वेगळे झाले. रग्बी लीग नावाचा वेगळा खेळ जन्मला तो तिथून. मजुरी देणं युनियनवाल्यांना जमलं असतं, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी खेळ दुभंगू दिला.

राष्ट्रीय क्लब कप यायला १९७१-७२ चा मोसम उजाडला. पहिल्या फायनलमध्ये ग्लॉस्टरने मोझलीला १७-६ असं हरवलं. दहा वर्षांनी, १९८२ ला, हेच दोघे पुन्हा फायनलला भिडले. जादा वेळेनंतरही १२-१२. कप दोघांनी वाटून घेतला! कपला पुढे सिगारेट कंपनीचं नाव लागलं, मग काचेच्या, मग बिअरच्या, मग विजेच्या. नावं बदलली तरी खेळ तोच राहिला.

१९९५ मध्ये खेळ व्यावसायिक झाला आणि युरोपातली मोठी स्पर्धाही त्याच मोसमात सुरू झाली. मोठ्या क्लबांना लहान मैदानांवर जायला वेळ उरेना. २००५ ला जुन्या पद्धतीची शेवटची फायनल झाली. कधीही फायनल न हरलेल्या बाथला लीड्सने २०-१२ ने पाडलं. तेच यॉर्कशायरचं लीड्स, आणि त्या मोसमात लीगच्या तळाशी धडपडणारं. पुढच्या मोसमापासून वरचे बारा क्लब वेल्सच्या चार संघांबरोबर गटात खेळू लागले आणि उरलेल्यांना वेगळी ट्रॉफी काढून दिली. ब्लंडेलसँड्सचा रस्ता बंद झाला.

मुंबईत कूपरेजवर फुटबॉलचा, आता बंद पडलेला रोव्हर्स कप पाहिलेल्या आपल्याकडच्या मंडळींना हे दुःख वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाशी उभं राहून चिखलातली रग्बी पाहताना मला दरवेळी वॉटर्लू आठवतं.

क्लबांचा तो बाद फेरीचा कप परत सुरू व्हायला हवा. सगळ्या क्लबांच्या चिठ्ठ्या एकाच भांड्यात, आणि सामना लहान क्लबाच्या मैदानावर. फायनलच्या दिवशी नागांच्या कानांचा तो चांदीचा कप सीमारेषेजवळ आणून ठेवावा. जिंकणाऱ्याला देऊ नका हवं तर. नुसता ठेवा.